वऱ्हाड आणि समुद्र

वऱ्हाडचा आणि समुद्राचा संबंध काय, असें कोणी विचारलें तर बहुतेक वऱ्हाडकर हंसून मान हलवितील. उत्तरेस सातपुड्याची गाविलगडची रांग, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, मध्यें पूर्णेचें काळेंभोर खोरें, आणि दोन्ही समुद्र शेंकडों मैल दूर. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या शेतकऱ्यास भरती-ओहोटी ठाऊक नाहीं व बंदरावर चढणारा धोक्याचा बावटा त्यानें पाहिलेला नाहीं. कोंकणांतील किंवा ओडिशांतील माणसास समुद्राचें जें भय बाळपणापासून शिकविलें जातें, त्याची वऱ्हाडास गरज नाहीं, अशी आपली दृढ समजूत आहे. ह्या समजुतीची परीक्षा करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, समुद्रावरचें वादळ वऱ्हाडांत येतें आणि वारंवार येतें. पण येतांना तें आपला वारा वाटेंत टाकून येतें, आणि बहुधा नांवहि टाकून येतें. जें उरतें तें केवळ पाणी. म्हणूनच आपण त्यास ओळखत नाहीं, आणि ओळखत नाहीं म्हणून त्याच्यापासून सावध रहात नाहीं.

वादळांविषयींच्या शास्त्राचा जन्मच मुळीं समुद्रकांठीं झाला, ही गोष्ट ह्या संबंधांत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. इंग्रजी भाषेंत ज्यास 'सायक्लोन' म्हणतात तो शब्द बनविणारा हेन्री पिडिंग्टन हा कलकत्त्यास राहत असे, व जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायसभेचा तो अध्यक्ष होता. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ दाखविणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यानें हें नांव घेतलें आणि १८४८ सालीं खलाश्यांसाठीं लिहिलेल्या आपल्या पुस्तकांतून तें रूढ केलें. पुढें ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं कलकत्त्यावर प्रचंड वादळ आलें. हुगळीच्या मुखाशीं हजारों माणसें बुडालीं आणि बंदरांतील जहाजांची वाताहत झाली. लगेच दुसऱ्या वर्षीं त्या बंदरास वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ सालीं हवामानाचें सरकारी खातें स्थापन झालें व हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला मुख्य झाला. ह्या क्रमावरून हें स्पष्ट होतें कीं, हें शास्त्र प्रथम जहाजांच्या व बंदरांच्या रक्षणासाठीं उभें राहिलें. त्यांत गैर कांहीं नाहीं. जेथें माणूस प्रथम मरतो तेथेंच प्रथम पहारा बसतो. परंतु ह्या आरंभाचा एक परिणाम अद्यापि टिकून आहे. वादळ किनारा ओलांडून आंत शिरलें व वाऱ्याचा जोर ओसरला, कीं संकट टळलें असें आपण मानतों. किनाऱ्यापुरतें तें खरेंहि असतें. किनाऱ्याच्या आंतल्या अंगाला काय होतें, हा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो.

हें कसें घडतें तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. पावसाळ्यांत बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागांत मधून मधून हवेच्या कमी दाबाचीं क्षेत्रें निर्माण होतात. त्यांच्याभोंवतीं वारा घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें फिरत असतो. हीं क्षेत्रें ओडिशाचा किनारा ओलांडून पश्चिम-वायव्येकडे, म्हणजे छत्तीसगड आणि मध्य प्रदेश यांच्या दिशेनें, चालूं लागतात. जमिनीवर येतांच समुद्राची वाफ मिळेनाशी होते आणि झाडें, डोंगर, घरें ह्यांच्याशीं घासून वारा मंदावतो. पण वर ढगांचा डोलारा कायम असतो. शिवाय हें क्षेत्र जसजसें आंत येतें तसतसें तें अरबी समुद्रावरच्या ओल्या वाऱ्यासहि आपणाकडे ओढून घेतें. अशा क्षेत्राच्या चारी बाजूंस सारखा पाऊस पडत नाहीं. त्याच्या वाटेच्या डाव्या अंगास, म्हणजे नैर्ऋत्य भागांत, तो सर्वांत अधिक पडतो. आतां वाचकांनीं नकाशा पुढें घ्यावा. क्षेत्राचा मध्य जर नर्मदेच्या रोखानें सरकत असेल, तर त्याचा नैर्ऋत्य भाग कोणत्या प्रदेशावर येईल? सातपुड्यावर आणि त्याच्या पायथ्याच्या वऱ्हाडावर. ज्या वादळाचा मध्य आपल्या प्रांतास शिवलाहि नाहीं, त्याचें पाणी आपल्या वांट्यास येतें तें असें.

ह्या पाण्याच्या वाटाहि पाहण्यासारख्या आहेत. अमरावती जिल्ह्याच्या अंगावरूनच एक मोठी पाणलोटरेषा गेलेली आहे. तिच्या पश्चिमेस पडलेला पाऊस पेढी, चंद्रभागा, शहानूर ह्या नद्यांतून पूर्णेस मिळतो. अकोल्याची मोर्णा आणि तिच्या शेजारची काटेपूर्णा ह्याहि पूर्णेसच जातात, आणि पूर्णा तापीबरोबर पश्चिम समुद्रास पोंचते. पूर्वेस पडलेला पाऊस वर्धा नदींतून प्राणहितेस, तेथून गोदावरीस व शेवटीं बंगालच्या उपसागरास मिळतो. तापी आणि वर्धा ह्या दोन्ही नद्या मुलताईच्याच परिसरांत उगम पावतात, आणि एक पश्चिमेस तर दुसरी पूर्वेस जाते. म्हणजे वऱ्हाड हा समुद्रापासून तुटलेला मुलूख नसून दोन समुद्रांच्या मधला पाण्याचा उंबरठा आहे.

ह्या उंबरठ्यावर जें पाणी यावयाचें तें आलें नाहीं तर काय होतें, हें वऱ्हाडानें १८९९ सालीं पाहिलें. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण तेव्हां लोकांच्या तोंडीं होती आणि तिला आधारहि होता. काळी जमीन, पांढरें सोनें, आगगाडीनें मुंबईशीं जोडलेल्या अकोला-अमरावतीच्या पेठा. दुष्काळ पडेल तो घाटावर, वऱ्हाडांत नव्हे, असें सर्वांनाच वाटत असे. १८९६-९७ च्या टंचाईनें ह्या विश्वासास तडा गेला होता. १८९९ च्या पावसाळ्यानें तो पार मोडला. आजच्या शास्त्राप्रमाणें त्या वर्षीं प्रशांत महासागराचें पाणी नेहमींपेक्षां अधिक तापलेलें होतें. ह्या स्थितीस एल निनो म्हणतात. अशा वर्षीं बहुधा आपला मोसमी वारा दुबळा होतो आणि उपसागरावरून येणाऱ्या ह्या क्षेत्रांचा ओघ आंतल्या मुलखापर्यंत नीट पोंचत नाहीं. त्या सालीं ज्वारी गेली, कापूस गेला, कडबा गेला, विहिरी आटल्या आणि गुरें खुंट्याशीं मेलीं. खडी फोडण्याच्या कामांवर ज्यांनीं कधीं दुसऱ्याची चाकरी केली नव्हती असे कुणबी बायकामुलांसह जाऊन बसले, आणि उपासानें खचलेल्या शरीरांत पटकी व हगवण शिरली. १८९१ सालीं वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती; १९०१ सालीं ती २७,५४,०१६ भरली. वाढ व्हावयाची त्या दहा वर्षांत जवळजवळ दीड लाख माणसें उणीं झालीं. ह्या आंकड्यांत दोन्ही दुष्काळांचा आणि रोगांचा वांटा आहे, कांहीं लोक देशांतरासहि गेले असतील. तथापि एका सुखवस्तु प्रांताच्या अंगावर उमटलेला हा वळ पुसण्याजोगा नाहीं. समुद्र वऱ्हाडचा कोणी लागत नाहीं, असें म्हणणाऱ्यास हा एवढाच पुरावा पुरे व्हावा. ज्याच्या न येण्यानें माणसें मरतात, त्याच्याशीं आपला संबंध नाहीं असें कसें म्हणावें?

परंतु तें आलें म्हणजे निव्वळ कल्याणच होतें असेंहि नाहीं. ह्या गोष्टीचें सर्वांत भयंकर उदाहरण वऱ्हाडच्या अगदीं वेशीवर घडलें. वर्धा नदीच्या अलीकडे अमरावती जिल्ह्यांतील वरुड तालुका आहे, आणि पलीकडे नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यांत मोवाड हें गांव आहे. हें कांहीं चार झोपड्यांचें खेडें नव्हतें. इंग्रजी अमदानीपासून नगरपालिका असलेलें, बाजारपेठेचें जुनें गांव होतें तें. जुलै १९९१ च्या अखेरच्या आठवड्यांत बंगालच्या उपसागरावरून आलेलें कमी दाबाचें एक क्षेत्र मध्य हिंदुस्थानावरून पश्चिमेकडे सरकत होतें. सातपुड्याच्या माथ्यावर पाऊस कोसळला, वर्धेला आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांना एकाच वेळीं लोंढा आला, आणि ३० जुलै रोजीं तें पाणी मोवाडांत शिरलें. गांवाचा मोठा भाग वाहून गेला. नोंद झालेल्या मृतांची संख्या २०४ आहे. गांव नंतर नवीन जागेवर वसवावें लागलें.

ह्या दुर्घटनेकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें असतां तीन गोष्टी मनास टोंचतात. पहिली ही कीं, ज्या पावसानें गांव बुडालें तो सगळा त्या गांवावर पडलेला नव्हता. तो वरच्या डोंगरांत, दुसऱ्या राज्याच्या हद्दींतहि पडला. आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधणारा अनुभवी म्हातारा अशा वेळीं फसतो. कारण पूर आभाळांतून येत नाहीं, तो डोंगरांतून येतो. दुसरी गोष्ट काळाची. समुद्रावर निर्माण झालेलें क्षेत्र वऱ्हाडपर्यंत येण्यास दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे वार्ता पोंचविण्यास वेळ नव्हता असें नाहीं. परंतु सातपुड्याच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत पाणी येण्यास कांहीं तासच पुरतात, आणि खरी वार्ता ह्या तासांचीच हवी असते. तिसरी गोष्ट नांवाची. उत्तर हिंदी महासागरांतील वादळांस नांवें देण्याची चाल २००४ सालीं सुरू झाली. पण नांव मिळण्यासाठीं वाऱ्याचा वेग तासास सुमारें ६२ किलोमीटरपर्यंत जावा लागतो. त्याखालचीं क्षेत्रें बिननांवाचींच रहातात. मोवाडवर जें आलें तें ह्याच बिननांवांच्या जातीचें होतें. वाऱ्याच्या मापानें तें हलकें ठरलें. पाण्याच्या मापानें त्यानें एक गांव उचलून नेलें.

नांव मिळालेल्या वादळाचीहि गोष्ट पाहूं. २०२१ च्या सप्टेंबरांत उपसागरांत एक वादळ उठलें; पाकिस्तानानें सुचविलेल्या नांवाप्रमाणें तें 'गुलाब' म्हणून ओळखलें गेलें. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळीं तें आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलें. किनाऱ्यावरील लोकांस आधींच हलविण्यांत आलें होतें, आणि एवढ्या मोठ्या वादळाच्या मानानें तेथील मनुष्यहानि थोडी झाली, ही आपल्या काळाची खरोखर मोठी कमाई म्हणावी लागेल. वारा उतरला, पण ढग तेलंगणावरून मराठवाड्यांत व विदर्भांत आले. २८ सप्टेंबर रोजीं वऱ्हाडच्याच यवतमाळ जिल्ह्यांत, उमरखेडजवळ दहागांवच्या नाल्याचें पाणी पुलावरून वाहत असतां नांदेडहून नागपुरास निघालेली एस. टी.ची गाडी त्यांत वाहून गेली व त्यांत माणसें दगावलीं. समुद्रकांठीं हजारोंना वांचविणाऱ्या त्याच वादळाच्या वार्तेनें शेंकडों मैल आंतल्या एका नाल्यावर मात्र वेळेवर अडसर घातला नाहीं. पुढें तेंच क्षेत्र खंबायतच्या आखाताजवळ अरबी समुद्रांत उतरलें, तेथें पुन्हां वाफ पिऊन त्यानें वादळाचें रूप घेतलें, 'शाहीन' हें दुसरें नांव धारण केलें आणि ३ ऑक्टोबर रोजीं तें ओमानवर जाऊन आदळलें. गुलाब आणि शाहीन ह्या दोन नांवांच्या मधल्या वाटेवर ज्याला नांव नव्हतें, तें आपलें होतें.

माणसें दगावतात तेव्हां निदान गवगवा होतो. शेतीचें मरण मुकाट्यानें होतें. सप्टेंबरची अखेर म्हणजे वऱ्हाडांत सोयाबीन सोंगणीस येण्याचे आणि पऱ्हाटीचीं पहिलीं बोंडें फुटण्याचे दिवस. जूनमध्यें जो पाऊस देव वाटतो तोच ह्या दिवसांत घरांत शिरलेल्या चोरासारखा होतो. उभ्या सोयाबीनच्या शेंगांत दाण्यांस कोंब फुटतात, कापून ठेवलेल्या ढिगास बुरशी धरते, बोंडें झाडावरच सडतात आणि वरुड-मोर्शीच्या बागांतून संत्र्यांचा सडा पडतो. त्यांत पूर्णेच्या दोन्ही कांठांस, अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा तर दुहेरी संकटांत सांपडतो. तेथील माती खोल व चिकण, तिच्यांतून पाणी खालीं झिरपत नाहीं. म्हणून शेत चिबडतें आणि मुळें गुदमरतात. उलट पाऊस ताणला तर विहिरीचें पाणी खारें, तें पिकास चालत नाहीं. ज्या शेतकऱ्यास पाण्याची वाण आणि पाण्याचा अतिरेक हीं दोन्ही एकाच वावरांत, कधीं कधीं एकाच हंगामांत भोगावीं लागतात, त्याच्या कर्जाचा हिशेब शहरांत बसून करणारांनीं हा मुद्दा विसरूं नये.

आणि त्याहून पलीकडे मेळघाट आहे. डोंगरावरून येणारा पाऊस पायथ्याच्या गांवांस जें करतो तें आपण पाहिलें. प्रत्यक्ष डोंगरांत रहाणाऱ्या कोरकू वस्त्यांचें काय होतें, तें पहाण्यास पावसाळ्यांत तेथवर फारसें कोणी जात नाहीं, कारण जातां येत नाहीं. अकोल्यास साऱ्या वर्षांत साधारणतः आठशें मिलिमीटरच्या आंतबाहेर पाऊस होतो; चिखलदऱ्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. उपसागरावरचें एखादें क्षेत्र सातपुड्यावर दोन दिवस रेंगाळलें, कीं नाले भरतात, फरशीवरून पाणी जातें आणि गांव जगापासून तुटतें. बाळंतीण अडली किंवा मूल तापानें फणफणलें, तरी दवाखाना नाल्याच्या पलीकडे असतो. अशा वेळीं जें मूल मरतें त्याची नोंद रोगाच्या रकान्यांत होते. वादळाच्या खात्यावर तें कधींच जमा होत नाहीं.

नोंदीचा हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. आमच्या मतें साऱ्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. महाराष्ट्रांत एखाद्या महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टि झाली असें धरतात आणि मग तलाठी पंचनाम्यास निघतो. नियमाला कोठें तरी रेघ ओढावीच लागते, हें आम्ही जाणतों. पण पर्जन्यमापक मंडळाच्या गांवीं असतो, पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो, आणि पूर तिसऱ्याच गांवांत शिरतो. ज्याचें वावर खरडून गेलें त्याच्या गांवच्या मापकांत कधीं कधीं पाणीच नसतें. जिल्हा, राज्य, मंडळ ह्या माणसानें आंखलेल्या सीमा आहेत. नदी त्यांना जुमानीत नाहीं आणि वादळ तर नाहींच नाहीं. पुराचा हिशेब नदीच्या खोऱ्यानें झाला पाहिजे. मुलताईस पाऊस सुरू झाला तर वर्धेच्या कांठावरील प्रत्येक गांवास, मग तें कोणत्याहि राज्याचें असो, त्याच घटकेस कळलें पाहिजे. हें आज अशक्य नाहीं. उपसागरांतील ढग उपग्रहांतून प्रत्यक्ष दिसतात, आणि गांवोगांवीं माणसांच्या खिशांत दूरध्वनि आहे. कलकत्त्याच्या बंदरास १८६५ सालीं जी सोय तारेच्या बळावर मिळाली, ती सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यास आज मिळूं नये, ह्याला साधनांची उणीव हें उत्तर होऊं शकत नाहीं. उणीव आहे ती समजुतीची. आणि ती समजूत हीच कीं, समुद्राचें संकट समुद्रकांठींच संपतें.

असो. इतिहास लिहितांना आपण राजे, लढाया आणि करार ह्यांच्या तिथि नेमानें देतों. वऱ्हाडच्या इतिहासांत १८५३ चा करार असतो, १९०२ चा असतो. ३० जुलै १९९१ ही तिथि क्वचितच असते, आणि १८९९ चा पावसाळा एखाद्या ओळींत आटोपतो. वास्तविक ह्या प्रांताच्या गरिबी-श्रीमंतीवर, वस्तीवर आणि माणसांच्या स्वभावावरहि आभाळाचा शिक्का कोणत्याहि करारापेक्षां खोल उमटलेला आहे. वऱ्हाडांतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ जुन्या पुरांच्या खुणा अजून असतात. पाणी देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत आलें, कोणत्या लिंबाच्या खोडाला लागलें, हें तीं बोट दाखवून सांगतात. ज्या गांवांत अशी खूण असेल तेथें ती दगडावर कोरून ठेवावी, खालीं तिथि घालावी, आणि तें पाणी कोठून आलें होतें तेंहि लिहावें. गांवच्या पोरांनीं ती वाचली, म्हणजे समुद्र आपल्यापासून किती दूर आहे ह्याचा खरा अंदाज त्यांना येईल.